आमच्याकडे टीव्ही उशिरा येतो

माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाची तक्रार केली नाही. सुनेचीसुद्धा नाही, आणि मी संधी भरपूर दिल्या होत्या. त्यांनी तक्रार केली ती फक्त टीव्हीच्या कंपनीकडे, आणि त्यापायी कंपनीच्या नाकी नऊ आले. पहिली तक्रार अशी होती की आमचा टीव्ही बहिणीच्या मागे आहे.

हे कळायला आधी बहीण कळायला हवी. आईंना एकच बहीण, पाठची. तिला सगळे बारकी म्हणतात. ती आता अंगाने आईंच्या दुप्पट झाली आहे, तरी मीही बारकी मावशीच म्हणते. दोघींनी उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली. तळघरातली लांबट खोली, भिंतीला लागून मशीनं, डोक्यावर वाफेचे पाइप, आणि मधोमध उभं राहून चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका. एकटीने घातलेली घडी तिथली मुकादमीण तोंडावर परत फेकायची. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चार कोपरे धरायचे, एकदम ताणायचं, एकदम झटकायचं आणि चालत एकमेकींकडे यायचं. एक जरी मागे राहिली तरी चादर जमिनीला लागते, आणि जमिनीला लागलेली चादर पुन्हा धुवायला जाते. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आई नुसतं मान हलवून "हं" म्हणायच्या आणि बारकी मावशीचा हात त्याच वेळी उठायचा. बाकीच्या बायकांच्या जोड्या जमत आणि मोडत. ही जोडी शेवटपर्यंत मोडली नाही.

पुढे दोघी निवृत्त झाल्या, दोघींचे नवरे आगेमागे गेले, आणि बारकी मावशी मुलाकडे राहायला गेली. ते शहर बसने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. पहिली काही वर्षं येणं-जाणं होतं. मग हिची साखर, तिचा रक्तदाब, आणि शेवटी आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, असं करत येणं-जाणं फोनवर आलं.

संध्याकाळी सात वाजता एक मालिका लागायची. एक खवचट घरमालक दर भागात भाडेकरूला घालवायला बघतो आणि दर भागात स्वतःच तोंडघशी पडतो. यापलीकडे त्यात काही नव्हतं, पण दोघींचा त्यावर जीव. सातला पाच कमी असताना आई फोन लावायच्या, स्पीकरवर टाकायच्या आणि साखरेच्या डब्याला टेकवून टीपॉयवर ठेवायच्या. तिकडे बारकी मावशी तेच करायची. मग दोघी गप्प बसून मालिका बघायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं होतं. बोलायचं नाही तर फोन कशाला? पण घरमालक जिन्यावरून घसरला की इकडून आणि तिकडून एकदम हसू फुटायचं, आणि मग आईंच्या चेहऱ्याकडे बघितलं की प्रश्न पडायचा नाही. त्यांना बोलायचं नव्हतंच. त्यांना शेजारी बारकी हवी होती.

मग आमच्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला आणि सगळ्या इमारतीने इंटरनेटवरून येणारा टीव्ही घेतला. तळहाताएवढा बॉक्स, त्याला एक वायर, आणि असा रिमोट की त्यात बोललं तरी चॅनेल लागतो. आई रिमोटलाही "अहो, जरा बातम्या लावा" म्हणायच्या. चित्र इतकं स्वच्छ की घरमालकाच्या टोपाची कड दिसायला लागली. आमचे हे खूश झाले, मीही झाले.

त्या संध्याकाळी सात वाजता फोन लागला, मालिका सुरू झाली, आणि आमच्या पडद्यावर घरमालक नुसता दार उघडत असताना तिकडे बारकी मावशी पोट धरून हसली.

"काय झालं गं?" आईंनी विचारलं.

"अगं ताई, बादली! बघितली नाहीस का?"

आमच्याकडे बादली अजून यायची होती. ती आली, घरमालकाच्या डोक्यावर पडली, आणि आईंनी ती अशा चेहऱ्याने बघितली जणू दुसऱ्या कुणाच्या घरातली भांडणं बघतायत. तिकडे बारकी मावशी तोवर पुढच्या विनोदाला पोहोचली होती. वरातीमागून घोडं म्हणतात, तसा आमचा टीव्ही धावत होता.

आठवडाभर आईंनी सहन केलं. मग एका सकाळी त्यांनी स्वतः कंपनीला फोन केला.

"टीव्ही मागे आहे आमचा," त्या म्हणाल्या.

फोनवरच्या मुलीने विचारलं, चित्र अडकतं का? नाही. आवाज तुटतो का? नाही. गोल फिरत राहतं का?

"नाही हो, सगळं छान दिसतं. पण उशिरा दिसतं."

"कशापेक्षा उशिरा, मॅडम?"

"बारकीपेक्षा."

त्या मुलीने तक्रार कोणत्या रकान्यात टाकली देव जाणे, पण दोन दिवसांनी माणूस घरी आला. मिशा पिकलेला, शांत गृहस्थ. त्याने वायर बघितली, बॉक्स बंद करून चालू केला, मोबाइलवर वेग मोजला आणि म्हणाला, "काकू, सगळं ठणठणीत आहे."

"बसा," आई म्हणाल्या. "सात वाजू देत."

आणि तो खरंच बसला. मी चहा दिला. सात वाजता त्याने फोनमधून बारकी मावशीचं हसू ऐकलं, मग घड्याळात बघत बसला, आणि मग आमचा घरमालक पडला. त्याने मिशीवरून हात फिरवला. "अर्ध्या मिनिटाचा फरक आहे," तो म्हणाला. मग त्याने समजावलं की इंटरनेटवरून चित्र तुकड्या-तुकड्यांनी येतं, बॉक्स ते तुकडे गोळा करतो आणि मग दाखवतो. त्यात तेवढा वेळ जातोच. "हे सगळ्यांकडेच होतं, काकू. कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच."

"माझ्या येतं," आई म्हणाल्या.

दाराशी चपला घालताना तो मला हळूच म्हणाला, "काकूंच्या बहिणीला सांगा, जरा थांबून हसा म्हणावं."

बारकी मावशीने तेही करून बघितलं. ती हसू दाबून धरायची आणि इकडे आई हसल्या की सोडायची. दोनच दिवसांत आईंनी तिला मना केलं. "नको गं. शिळं येतं ते. तुझं तू हस." त्यानंतर फोन लागायचा, पण आई आवाज अगदी बारीक ठेवायच्या. काही दिवशी तर लावायच्याच नाहीत. सात वाजता रिमोट मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी समोरून गेले की म्हणायच्या, "आज काही विशेष नाही त्यात." मला माहीत होतं की त्या मालिकेबद्दल बोलत नाहीयेत. खरं सांगते, मला कंपनीचा राग आला, त्या बॉक्सचा आला आणि आमच्या ह्यांचाही आला, कारण ते म्हणत होते की अर्ध्या मिनिटाने कुणाचं काय अडतंय.

पण तोडगा शेवटी ह्यांनीच काढला, हेही कबूल करायला हवं. या नव्या टीव्हीवर झालेले भाग दुसऱ्या दिवशी हवे तेव्हा बघता येतात. बारकी मावशीकडे तीच सेवा घेतली आणि कालचा भाग दोघींनी एकाच वेळी सुरू केला, तर मागे-पुढे होण्याचा प्रश्नच नाही. मावशीचा मुलगा म्हणजे माझा दीर, त्याने आठवड्याच्या आत बॉक्स बसवून घेतला.

पहिल्या दिवशी दोघींनी एक-दोन-तीन करून बघितलं. एकीने 'तीन'ला बटण दाबलं, दुसरीने 'तीन' म्हणून झाल्यावर. दुसऱ्या खेपेला उलटं झालं. मग आई म्हणाल्या, "राहू दे ते आकडे," आणि फोनजवळ तोंड नेऊन नुसतं "हं" म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. घरमालक गच्चीवरच्या टाकीत पडला आणि बाहेरच्या खोलीत दोन बायका एकदम हसल्या. इतक्या एकदम की कोणतं हसू टीपॉयवरून आलं आणि कोणतं खुर्चीतून, ते सांगता आलं नसतं. मी कणकेचे हात तसेच घेऊन दारात जाऊन उभी राहिले. आईंनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे हात करून म्हणाल्या, "आली बघ."

ते दिवस छान गेले. पाहुणा आला तरी सातला आई उठून जायच्या.

कधी बिघडायला लागलं ते नेमकं सांगता येणार नाही. आधी आईच म्हणाल्या, "बारकी, आज बटण उशिरा दाबलंस." तिकडून उत्तर आलं, "नाही गं ताई, हं म्हणताच दाबलं." दुसऱ्या दिवशीही मावशी मागून हसली. मग रोजच. आईंनी पुन्हा कंपनीला फोन लावला. या वेळी तक्रार अशी की आमचा टीव्ही नीट आहे, बहिणीचा मागे पडलाय. कंपनीने तिकडे माणूस पाठवला आणि निरोप आला की बॉक्स उत्तम चालतोय.

"यांना कळतच नाही," आई म्हणाल्या. "आपणच बघू."

त्या संध्याकाळी "हं" म्हणून झाल्यावर त्यांनी आमच्या टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, फोन उचलून कानाशी धरला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. आमच्या पडद्यावर घरमालकाने दार आपटलं. त्यांनी मला जवळ बोलावून फोन माझ्या कानाला लावला. घरमालक जिन्यावरून घसरला, आणि अगदी त्याच क्षणी तिकडच्या टीव्हीतला धडाम् माझ्या कानात वाजला. दोन्ही टीव्ही तंतोतंत बरोबर चालले होते.

फक्त तिकडे कुणी हसलं नाही.

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. घरमालक उठला, कपडे झटकले, प्रसंग संपला, जाहिरातही लागली. मग आई, बहुधा सवयीनेच, जरा हसल्या. लगेच तिकडून बारकी मावशीचं हसू आलं, मोठं आणि मोकळं.

आईंनी फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवला आणि उरलेला भाग आवाजाशिवाय बघितला.

दुसऱ्या दिवशी दिराचाच फोन आला. "वहिनी, मावशीला कसं सांगू कळत नव्हतं," तो म्हणाला. त्याची मावशी म्हणजे आमच्या आई. "माझ्या आईला डॉक्टरांना दाखवलंय. तिला आता गोष्टीचा माग लागत नाही. परवा मला विचारत होती, तू कुणाचा मुलगा म्हणून. वय झालं की होतं म्हणतात, आणि हे वाढतच जाणार म्हणतात. पण सातला मात्र ती स्वतःहून फोनपाशी येऊन बसते." मी ते आईंना जसंच्या तसं सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता, कान त्यांचेच होते.

दोन दिवस गेले. मग म्हणाल्या, "मला तिच्याकडे नेऊन सोडा." ह्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा गुडघा आहे, इतक्या लांबचा प्रवास सोसायचा नाही. आईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांनी फोन लावला आणि मालिका सुरू करण्याआधी सरळ विचारलं.

"बारकी, गोष्ट कळते का गं तुला?"

मग मावशी म्हणाली, "नाही गं ताई. कोण कोणाचं काय लागतं, सगळा घोळ होतो. तू हसलीस की मला कळतं, हसायचं आलं. मग मी हसते. बरं वाटतं."

"बरं," आई म्हणाल्या. "मग मी हसत जाईन."

आणि त्या रोज हसू लागल्या. आधी हसायच्या तशा नाही, जरा मोठ्याने, लहान मुलाला शब्द फोडून सांगावा तशा. इकडे हसू, मग थोडी शांतता, मग तिकडे हसू. त्या शांततेत आई श्वास धरून बसायच्या.

परवाच्या भागात त्या मालिकावाल्यांनी भाडेकरूचा म्हातारा बाप मारला. हसण्याची मालिका, पण लेखकाला काय सुचेल सांगता येत नाही. भाडेकरू खाटेच्या कडेला बसला होता आणि इतकी वर्षं त्याच्या मुळावर उठलेला घरमालक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझेच डोळे भरून आले होते. आईंचे तर वाहत होते. पूर्ण भागात हसण्यासारखं एक वाक्य नव्हतं.

तिकडून बारीक आवाज आला. "ताई? आहेस ना?"

आईंनी पदराने नाक पुसलं. समोर बापाला उचलून नेत होते. त्या फोनकडे वाकल्या आणि हसल्या, मोठ्याने आणि बराच वेळ.

थोड्या वेळाने बारकी मावशीही हसली.