हसवणारी कादंबरी

गोंदियाच्या वाचनालयात मी पुस्तकं देत असे, तेव्हा विडीच्या कारखान्यातला एक माणूस दर बाजाराच्या दिवशी यायचा. विड्या वळणाऱ्या बायांना तो कादंबऱ्या वाचून दाखवायचा. तंबाखूची बोटं धोतराला पुसल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही.

"हासवाची द्या जी, पन मोठ्या मानसाची, लेकराइची नाही. बायाइचे डोरे पान्यानं भरले का तंबाखू सांडते."

आमच्या कपाटातल्या नायिका एकजात क्षयानं मरायच्या! एकदा वैतागून त्यातलीच एक कादंबरी मी त्याच्या हातावर ठेवली. आठवड्यानं स्वारी हसत परतली.

"बाया रडल्या असतील?"

"नाही जी. मी तिले मरूच नाही देलं."

तो गेल्यावर मी त्या कादंबरीचं शेवटचं पान उघडून वाचलं. छापलेलंच खोटं वाटलं.