शेवटच्या पंगतीचं टेबल

मंडळी, आज कुंभकोणमला भाचीचं रिसेप्शन होतं. प्रत्येक टेबलाला नाव हवं, हा तिचा हट्ट. आम्ही पाहुण्यांची गावं दिली: पापनाशम्, तिरुनीलक्कुडी, तिरुक्करुगावूर. एक टेबल उरलं.

"त्याला 'शेवटची पंगत' म्हणा," चंपाआत्या म्हणाली. तिचं लग्न पन्नासच्या दशकात इथंच झालेलं.

असलं कसलं नाव? मी विचारलंच.

"वाढणाऱ्या बायका शेवटी बसायच्या. माझी अम्मा बसली तेव्हा सांबार संपलं होतं. लेकीच्या लग्नात ती नुसता ताकभात जेवली."

भाचीनं पहिलं पान त्याच टेबलावर मांडलं, आत्याला बसवलं. आत्या सांबारभात पोटभर जेवली, पण शेजारची खुर्ची तिनं कुणालाच दिली नाही.

तुमच्याकडे शेवटच्या पंगतीला कोण बसायचं हो? आणि त्यांना काय उरायचं?