टचलाइनवरची स्टॉपर

गेल्या रविवारी अमरावतीत, हाफटाइमला, माझ्याच टीममधल्या सोळा वर्षांच्या मुलीनं मला सगळ्यांसमोर गप्प केलं. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितेय.

मी बारा वर्षं फुटबॉल खेळले, कायम स्टॉपर म्हणून. गोलकीपरच्या पुढं उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं. मॅचहून घरी गेले की बाबा विचारायचे, "गोल केला काय?" मी म्हणायची, "नाही बाबा, होऊ नाही देल्ला." आमची भाजीची शेती, तेल्हाऱ्याकडं. वांगी तोडता तोडता ते मान हलवायचे, पण त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी नागपुरात, जमिनीवर घसरत जाऊन बॉल काढताना, एका स्लाइडमध्ये गुडघा गेला. टक्क असा आवाज मला स्वतःला ऐकू आला होता. ऑपरेशन, दीड वर्ष व्यायाम, मग पुन्हा चार मॅचेस... आणि पुन्हा सूज. संपलं.

सहा महिने मी मैदानाच्या रस्त्यानं जायचंसुद्धा टाळलं. शेवटी आमच्या जुन्या सरांनीच बोलावलं. अकोल्यात मुलींना शिकवायला कुणी नाही, तू ये म्हणाले. एक महिना बघू म्हणून गेले, त्याला आता पाच वर्षं होतील.

पण खरं सांगू? मी कोच झाले ते फक्त कागदावर. मॅच सुरू झाली की मैदानाच्या कडेला, टचलाइनवरून मीच खेळायची. लाइन वर घ्या, मागं या, तिला धर, आत्ता जा... सलग. स्टॉपरला बोलावंच लागतं, सगळं मैदान तिच्यासमोर असतं. बारा वर्षांची सवय आहे ती.

रविवारची मॅच ग्रुपमधली शेवटची. ड्रॉ झाला तरी आम्ही सेमीफायनलला जाणार होतो. मागची तीन वर्षं आम्ही ग्रुपमध्येच बाहेर पडलोय. अकोल्यातल्या मैदानवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, यंदाही तसंच झालं तर तुमची प्रॅक्टिसची सकाळची वेळ क्रिकेटवाल्यांना देऊ. त्यात समोरची टीम म्हणजे मी जिथं खेळले तो क्लब... भाड्याच्या गाडीत मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत मी मुलींना त्याच सूचना तीनदा देऊन झाल्या होत्या.

हाफटाइमच्या जरा आधी घोळ झाला. एक साधा उंच बॉल आमच्या बॉक्समध्ये आला. आमची स्टॉपर वैष्णवी थांबली, गोलकीपर सानियाही थांबली, आणि मधून त्यांची फॉरवर्ड घुसली. बॉल पोस्टला लागून बाहेर गेला. नशीब.

हाफटाइमला मी वैष्णवीवर तुटून पडले. "काहून नाही गेली तू? मी किती वरडून राहिली होती!"

तिनं पाण्याची बाटली खाली ठेवली. "मॅडम, तुमी वरडता म्हनूनच. तुमी तिकून आवाज देता, सानिया मांगून आवाज देते. मी कोनाचं आयकू? तुमी थोड्या चूप राहा ना... मले तिचं काहीच आयकू येऊन नाही राहिलं."

बाकीच्या मुली बुटांच्या लेसकडं बघायला लागल्या. माझे कान तापले. बोलायला तोंड उघडलं... आणि लक्षात आलं की सानियाचा आवाज मी स्वतःसुद्धा ऐकलेला नाही. पूर्ण हाफमध्ये एकदाही नाही.

मी एवढंच म्हणाले, "बरं. आता तुमी दोघी बोला."

सेकंड हाफला मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. हात मांडीखाली दाबले. पहिली दहा मिनिटं कुणी तोंडाला पट्टी बांधल्यासारखी गेली. मग हळूहळू ऐकू यायला लागलं... "माहा आहे, सोड!" "मांगं पाह्य, मांगं!" या पोरी एवढं बोलतात, मला माहीतच नव्हतं.

शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. त्यांची नऊ नंबर बॉल घेऊन सुटली, पुढं एकटी वैष्णवी. मी खुर्चीतून उठलेच. 'जा, टाक पाय!' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. मी असते तर स्लाइड मारली असती. नागपुरात मारली तशीच.

मी ओठ चावला.

वैष्णवी गेली नाही. तिरकी उभी राहून एकेक पाऊल मागं सरकत राहिली. मागून सानियाचा आवाज, "भायेर ने, भायेर!" नऊ नंबर कॉर्नरच्या बाजूला ढकलली गेली, तिचा एक टच लांब पडला, आणि वैष्णवीनं बुटाच्या टोकानं बॉल लाइनबाहेर घातला. बस्स. कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. अशा गोष्टीला वाजवतही नाहीत.

शून्य-शून्य. आम्ही सेमीफायनलला!

मुली एकमेकींच्या अंगावर पडून किंचाळत होत्या. मी रिकाम्या बाटल्या गोळा करायला लागले. वैष्णवी आली, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेली. "मॅडम, राग आला काय?"

"आला होता."

"मंग?"

"मंग काय... सेमीफायनललेही मले असंच चूप बसव."

सोमवारी मैदानवाल्यांचा फोन आला, सकाळची वेळ तुमचीच. या आठवड्यात प्रॅक्टिसला मी डिफेन्सच्या जागी उभं राहून दाखवणं बंद केलंय. त्या दोघी बोलतात, मी ऐकते. अवघड जातंय... पण जमवणार.

गुडघ्यानं मला साडेपाच वर्षांपूर्वी मैदानाबाहेर काढलं. स्वतःच्या पायांनी बाहेर येऊन बसले ती या रविवारी. थँक यू, वैष्णवी. तुझ्या वयात, माझ्या कोचला हे सांगायची हिंमत मला झाली नसती.