बा अस्सूची सुटका

आमच्या वसतिगृहात मुलं साठ, गरम पाण्याचे नळ दोन, आणि त्या सगळ्यांची आई एकच: बा अस्सू. मी तुदा. इथल्या भाकऱ्या मी भाजते, चादरी मी धुते, म्हणून छातीठोक सांगते, त्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून कोंडलंय.

स्वतः शिकायला म्हणून डोंगरावरून खाली आला. शिक्षण राहिलं बाजूला, हातात स्वयंपाकघरातला डाव आला. मग गळकी न्हाणीघरं, कुरकुरणाऱ्या खाटा, खरजेचं मलम, रात्री रडणारी पोरं, सगळं त्याच्याच गळ्यात पडलं. बायको इत्तो वर गावात एकटी. उन्हाळ्यात काय होईल ती भेट. बर्फ पडलं की रस्ताच बंद.

सुट्टी संपत आली, इथे परतला की म्हणायचा, "तुदा, यंदा बस्स." आणि शाळा उघडायच्या तोंडावर पोरांचे बाप येऊन उंबऱ्यावर कोंबडा कापायचे. आम्हा डोंगरी लोकांत दारात रक्त सांडून काही मागितलं की माणूस बांधला गेला. नाही म्हणाल तर घराण्याला शाप. मेले मोठे चलाख! एक कोंबडा द्यायचा आणि वर्षभराचा माणूस न्यायचा! मी तोंडावर बोलायचे, "लाजा नाही वाटत? त्यालाही घर आहे!" तर हसायचे. "तुदाबाई, आमची पोरं त्याच्याशिवाय झोपत नाहीत."

यंदा त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. बापमंडळी मळणीत गुंतलेली असताना भर दुपारी बोचकं घेऊन फाटकात उभा राहिला. "इत्तोचे गुडघे गेले गं. तिच्याशेजारी बसून चहा प्यायचा, दुसरं काही नको मला."

"पळा बा, मागे बघू नका!" मी म्हटलं.

गावाकडची गाडी आली आणि तिच्यातून इत्तोच उतरली. लंगडत. एका हाताला नातू, दुसऱ्या हातात कोंबडा.

"मला न्यायला आलीस होय?" म्हातारा काय खुलला!

तिने कोंबडा गाडीवाल्याकडे दिला, त्याने उंबऱ्यावर सुरी फिरवली.

"अगं बये, काय केलंस हे!" मी किंचाळलेच.

"याचा बाप कासाब्लांकात राबतोय, वर पुढची शाळा नाही," इत्तो नवऱ्याला म्हणाली. "हा आता इथे राहील. तूही राहा."

"इत्तो, मी तुझ्याकडेच निघालो होतो."

"ठाऊक आहे, म्हणून तर धावत आले. तुझ्याशिवाय राहायची मला सवय झालीय, अस्सू. या लेकराला कशाची सवय आहे?"

एवढं बोलून ती त्याच गाडीने परत जायला वळली. मला इतकी चीड आली, आणि ती काढायची कुणावर तेच कळेना. मी बोचकं उचललं. तोवर बा अस्सू नातवाचा हात धरून आत गेला होता.

"तुदा," आतून हाक आली, "याला खिडकीपासून लांबची खाट दे."