सोय लिस्तो

ऋषी नारायण पेठेतला. हे तो स्वतःच सांगतो, कुणी विचारायच्या आत. कर्वेनगरच्या कॉलेजात स्पॅनिश घेतल्यापासून तर तो दूधवाल्यालाही थँक्यूऐवजी 'ग्रासियास' म्हणतो. दूधवाल्याला बिचाऱ्याला ते 'जर्सी' ऐकू येतं. तो म्हणतो, "नाही हो, म्हशीचंच आहे."

आता या माणसाला स्पेनला जायचं होतं. कॉलेज एकालाच पाठवणार, तेही तोंडी परीक्षा घेऊन. पण ऋषीच्या डोक्यात सिलेक्शन झालेलंच होतं. आईला भाजणीसुद्धा करायला लावली होती त्याने!

परीक्षेच्या आदल्या दिवशी कौशल्या मॅडमनी 'लिस्तो' शिकवलं. कात्रजच्या पलीकडच्या गावातला रणजित लगेच म्हणाला, "मॅडम, हे आपल्या 'तयार'सारखंच हाय की. जेवण तयार हाय, आन् पोरगं लई तयार हाय."

"अगदी. फक्त आपल्याकडे दोन्हीला एकच 'आहे'. त्यांच्याकडे दोन. 'एस्तोय लिस्तो' म्हणजे मी आत्ता तयार आहे. 'सोय लिस्तो' म्हणजे मी हुशार आहे, मुळातच."

ऋषीचं लक्ष कुठे? तो मागे वळून पायलला सांगत होता, "गाववाल्यांना जेवणाशिवाय उदाहरण सुचत नाही बघ." लिहून तर काहीच घेतलं नाही. हुशार लोक लिहितात का कधी!

दुसऱ्या दिवशी ऋषी मॅडमसमोर बसला. शर्टाला इस्त्री, केसांना जेल, चेहऱ्यावर माद्रिद.

"एस्तास लिस्तो?" मॅडमनी विचारलं. तयार आहेस का, एवढंच.

"सी! सोय लिस्तो!"

"ते आम्ही ठरवू."

ऋषीला ते कौतुक वाटलं. तो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"परत म्हण. एक शब्द चुकलाय."

एक शब्द हो! अख्खा स्पेन एका शब्दावर अडला होता आणि बाई स्वतःहून दुसरा चान्स देत होत्या. आणि हा काय म्हणाला?

"मॅडम, तिकडे असंच बोलतात. मी यूट्यूबवर रोज ऐकतो."

"असं? मग आमच्याकडे कशाला वेळ घालवताय? या आपण."

'आपण' ऐकून त्याचे कान लाल झाले. बाहेर पायल उभी होती. "काय रे, झालं पण?"

"बाईंना हुशार मुलगा सहनच होत नाही," म्हणत तो ताडताड जिना उतरायला लागला. निम्म्यात थांबला. मॅडमनी 'एस्तास' विचारलं होतं, म्हणजे 'एस्तोय' म्हणायचं होतं, हे आत्ता कुठे त्याला कळलं होतं. वर जाऊन तेवढं सांगितलं असतं तर मॅडमनी कदाचित ऐकलंही असतं.

पण वर पायल उभी होती ना. मग कसा जाणार हा!