भज्यांखालचा टीपकागद

मला यीस्टमधलं एक प्रथिन हवं होतं. यीस्टकडून ते फारच थोडं मिळायचं. म्हणून त्याचं जनुक प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या चिमुकल्या कड्यात, बसवायचं आणि ते कडं जिवाणूंमध्ये घालायचं. मग जिवाणूच ते प्रथिन भरपूर बनवतात. असं तयार प्लाझ्मिड परगावच्या एका प्राध्यापक बाईंकडे होतं. त्या निवृत्त होत होत्या. "शेवटचा थेंब उरलाय. टीपकागदावर वाळवून पाठवते," त्या फोनवर म्हणाल्या.

भोसरीतल्या आमच्या प्रयोगशाळेच्या गेटवर टपाल गहाळ व्हायचं, म्हणून मी थेरगावच्या घरचा पत्ता दिला.

पाकीट आलं त्या संध्याकाळी मी घरी आले, तर टेबलावर पाकीट फोडलेलं. आत नुसती चिठ्ठी.

"काय शोधायलीस?" सासूबाईंनी विचारलं. त्या मूळच्या लातूरकडच्या.

"आई, यात एक पांढरा कागद होता. पेन्सिलनं गोल काढलेला."

त्यांनी हातातल्या ताटलीकडे पाहिलं. कांदाभज्यांखाली तोच कागद होता, तेलानं पारदर्शक झालेला.

"कोराच होता की गं! म्हटलं, तेल टिपायला बरा हाय."

 त्या गोलात काय होतं ते मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. भजी कुणीच खाल्ली नाहीत.

अंथरुणात पडल्या पडल्या एकदम सुचलं: डीएनए पाण्यात विरघळतो, तेलात नाही. कागद पाण्यात भिजला असता तर सगळं वाहून गेलं असतं. तेल लागलं म्हणजे डीएनए कदाचित तिथंच असेल.

सकाळी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "मीबी येते." स्कूटरवर मागं बसून आल्या, कागद ठेवलेला डबा मांडीवर घट्ट धरून.

मी पेन्सिलचा गोल कापला, डीएनए ज्यात विरघळत नाही त्या अल्कोहोलनं तेल धुतलं, कागद वाळवून थेंबभर पाण्यात भिजवला. ते पाणी जिवाणूंमध्ये मिसळलं आणि ते जिवाणू, जिवाणू मारणारं औषध घातलेल्या बशीवर पसरले. त्या औषधाला तोंड देणारं जनुकही प्लाझ्मिडवर असतं, म्हणून ज्यांच्यात ते शिरलं तेवढेच तिथं जगणार होते. प्रयोगशाळाभर भज्यांचा वास सुटला होता. सहकारी हसले, सासूबाई नाही हसल्या.

दुसऱ्या दिवशी बशीवर जिवाणूंचे तीन ठिपके होते. तीनच, पण स्वच्छ, गोल. मी घरी फोन लावला.

"जगले?"

"जगले, आई."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

ठिपके वाढवून तपासले. तिन्हींत आमचंच जनुक होतं. पुढच्या आठवड्यात, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, नेमकी जिथं हवी होती तिथं, प्रथिनाची जाड निळी पट्टी उमटली. प्राध्यापक बाईंना फोटो पाठवला आणि भज्यांचंही खरं खरं सांगून टाकलं. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "आता निवांत निवृत्त होते. तुम्ही मात्र ते प्लाझ्मिड मागेल त्याला देत जा."

आजवर चौघांना दिलंय.