मागच्या सीटवरचं शिक्षण

नागपूरचे रस्ते मला एका हेल्मेटच्या डाव्या-उजव्या बाजूने माहीत आहेत. मधलं फारसं दिसलंच नाही, कारण मधे माझी मैत्रीण असायची. आम्ही एकाच ऑफिसात, एकाच सेक्शनला होतो. ती नवऱ्याच्या जागी नोकरीला लागलेली, पदरी एक मुलगा. मी बिनलग्नाची, आई गेल्यावर महाल भागातल्या दोन खोल्यांत एकटी. स्कूटी तिची. रविवारी सकाळी खालून हॉर्न वाजायचा आणि वर बघून ती एवढंच म्हणायची, "चाल वं." कुठे, ते गाडी सुरू झाल्यावर कळायचं.

तिच्या गाडीचे इंडिकेटर कधीचे बंद पडले होते. दुरुस्त कर म्हटलं की म्हणायची, "काहून? तुहा हात हाये ना." मग वळण आलं की हात बाहेर काढायचं काम माझं. ते मी इतकं मनापासून केलं की ऑटोत एकटी बसले तरी चौक आला की माझा खांदा आपोआप हलायचा.

तिला दर दोन-तीन महिन्यांनी नवं काहीतरी सुचायचं. कधी पोहणं, कधी उर्दू, कधी घरात अळंबी लावणं. एकदा तर काटोलच्या बाजारातून संत्री स्वतः निवडून आणायची आणि मुरब्बा करून विकायचा, असं ठरलं. संत्री आली, मुरब्बाही झाला, पण तो असा काही गोठला की चमचा वाकायचा. त्या बरण्या आजही माझ्या माळ्यावर आहेत. तिच्या घरी कशाला असतील? ती तोवर पुढच्या नादाला लागलेली होती.

कुठेही गेलो तरी ती पहिल्याच दिवशी सगळं सामान घेऊन टाकायची, पुढे बसायची, शंका विचारून शिकवणाऱ्याला बेजार करायची. मी मागे बसून पाहायचे. पहिले काही दिवस कशाला हातच लावत नसे. उर्दूच्या सरांना तर वाटलं, या बाईंना ऐकू कमी येतं. ते मोठ्याने बोलायला लागले. आणि मग एक दिवस मी वही उघडली आणि ओळीच्या ओळी बिनचूक लिहिल्या. सर बघतच राहिले. मला फार बरं वाटलं. पण त्याच संध्याकाळी परतताना ती म्हणाली, "उर्दू काही आपल्या कामाची नाही वं." मी हात बाहेर काढला आणि आम्ही घराकडे वळलो.

असंच व्हायचं. माझं जमायला लागायचं आणि तिचं मन उडायचं. ऑफिसात तिला सगळे धरसोड म्हणायचे आणि मला चिकाटीची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. सोडायचो मात्र आम्ही दोघी एकाच दिवशी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती की जिने मला आतून धरलं. ती म्हणजे पेटी. शिकवणाऱ्या बाई अमरावती रोडवरच्या वाडीत राहायच्या, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. खिडकीखाली ट्रक मागे घेण्याचा आरडाओरडा चाललेला आणि वर बाई शांतपणे सा लावायच्या. मैत्रिणीने दुसऱ्याच आठवड्यात नवी कोरी पेटी घेतली. मी नेहमीसारखी बाईंच्या बोटांकडे पाहत बसले. भाता कुठे हळू होतो, अंगठा खालून कसा सरकतो, सगळं. घरी जेवणाच्या टेबलावर बोटं फिरवायचे. ज्या दिवशी पहिल्यांदा पेटी पुढे ओढली, त्या दिवशी बाईंनी दिलेले सगळे अलंकार मी न अडखळता वाजवले. खालच्या ट्रकचा आवाज मला ऐकूच आला नाही. तेव्हा मी पन्नाशीला आले होते आणि इतकी खूश मी कधी झाल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या महिन्यात परत येताना मैत्रीण म्हणाली, "बस झालं आता. मले तं कटाया आला. तुले?"

"मले बी," मी म्हणाले.

एवढंच. तिने पेटी विकून टाकली. वाडीला बस जात होती, ऑटो जात होते. पण मी स्वतःला सांगितलं की माझ्याकडे गाडी नाही, तेव्हा कशी जाणार?

आम्ही दोघी पाठोपाठ रिटायर झालो. तिच्या मुलाला मुलगी झाली आणि ती बंगळुरूला निघाली. स्कूटी माझ्या दारात लावून गेली. "चालवजो वं," म्हणाली, आणि रडली नाही. मीही रडले नाही. ती गेल्यावर जिना चढून वर आले आणि दुपारपर्यंत चप्पल न काढता पलंगावर बसून राहिले.

त्यानंतर रविवार माझा वैरी झाला. गल्लीत कुणाचाही हॉर्न वाजला की मी गॅलरीत जायचे. दूधवाला असायचा, शेजाऱ्यांचा जावई असायचा. तिचा फोन यायचा, सुरुवातीला दर रविवारी, मग कधीमधी. तिथे ती मातीची भांडी करायला शिकत होती. बाजूच्या इमारतीतली कुणी एक बाई तिच्यासोबत असायची. "लई मजा येते वं," ती सांगायची. मी हो हो म्हणायचे आणि त्या न पाहिलेल्या बाईचा मला मनापासून राग यायचा.

मोकळा वेळ म्हणजे किती मोकळा, ते एकट्या माणसालाच माहीत. स्वयंपाक एका वाटीचा. कपडे एका बादलीत मावणारे. मग मी स्वतःला विचारलं, बाई गं, आता तुला कुणी थांबवत नाही, तुला काय करावंसं वाटतं? उत्तर येईना. मी घाबरलेच. जे जे मला आवडतं असं मी समजत होते ते सगळं तिने दारात आणून ठेवलेलं होतं. ताटात पडेल ते खाणाऱ्याला आपली आवड कुठून कळणार?

पण बोटं टेबलावर फिरत होती. वरण शिजेपर्यंत, बातम्या लागेपर्यंत, अजूनही. मला पेटी हवी होती, की पेटीकडे नेणारी मागची सीट? याचा निकाल मला लावायचाच होता. तो लागला नसता तर उरलेली वर्षं दुसऱ्याच्या हॉर्नकडे कान लावूनच गेली असती.

मी स्कूटी शिकले. शिकले म्हणजे, आधी बरेच दिवस मैदानाच्या कडेला बसून मुली कशा शिकतात ते पाहिलं. इंडिकेटर दुरुस्त करून घेतले. मग गल्लीतून चौकापर्यंत, चौकातून बाजारापर्यंत. आणि एका सकाळी धीर करून अमरावती रोडला लागले. रस्ता माझा ओळखीचा होता, पण समोरून बघितलेला नव्हता. इतका रुंद असेल असं वाटलं नव्हतं.

वाडीचा नाका गेला. गोदामांची वाट उजवीकडे आत जाते. वळण आलं आणि माझा उजवा हात सरळ बाहेर गेला. त्याच हातात ॲक्सिलरेटर असतो, हे पुढे बसणाऱ्याला माहीत असतं. गाडी डळमळली, डावा हात एकटा काय करणार, आणि मी गाडीसकट रस्त्याच्या कडेला आडवी झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोती उतरवणारे दोघं धावत आले. एकाने गाडी उचलली, एकाने मला.

"काकू, हात काहून सोडला जी?"

"मी वळून राहिली होती."

"मंग इंडिकेटर द्या ना! मागं कोणी बसून होतं काय?"

"नाही," मी म्हणाले, "कोणीच नव्हतं." आणि कोपर सोललं होतं त्यापेक्षा त्या वाक्याने मला रडू आलं. त्या बिचाऱ्यांना वाटलं फार लागलं. त्यांनी पाणी दिलं, बसायला पोतं दिलं. रडून झाल्यावर मी गाडी ढकलत गोदामांच्या मागे गेले.

बाई त्याच खोलीत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी कोपराला हळद लावली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही दोघी येत होत्या. एक लय बोलायची."

"मी दुसरी."

"हो. पाहत बसणारी." त्या हसल्या. "ती जाईन हे मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्याचं काही नाही, तसे लोक असतेत. पण तुम्ही काहून गेल्या, हे मले आजपर्यंत कळलं नाही. तुमाले तं आवडत होतं."

एक फोन करून येते म्हणून मी बाहेर जिन्यावर गेले आणि मैत्रिणीला फोन लावला. खरं तर मला तिला सांगायचं होतं की बघ, मी कुठे आलेय, एकटी, तुझ्या गाडीवर. तिच्या मागे नात रडत होती.

"वाडीले? वाडीले काहून गेली वं?"

"पेटीच्या बाईंकडे."

"कोणती पेटी?"

मी सांगितलं. खोली, ट्रक, तिने घेतलेली नवी पेटी. ती आठवायचा प्रयत्न करत होती, तेही ऐकू येत होतं. "आपण पेटी बी शिकलो होतो?" ती हसली. "किती धंदे केले वं आपण! सारे थोडेच ध्यानात राह्यतेत. थांब, हे रडून राहिली, मंग बोलू."

फोन बंद झाला. मी जिन्यावर बसून राहिले. तिच्यासाठी मी काहीतरी सोडलं, असं इतकी वर्षं मनात धरलं होतं. त्याचा थोडा अभिमानही होता, थोडा राग होता. आणि तिला ते माहीतच नव्हतं. तिने मला कंटाळा आला का, असं विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते, एवढंच घडलं होतं. माझ्या आयुष्यात ती जेवढी होती तेवढी मी तिच्या आयुष्यात नव्हते, हे मला त्या पायरीवर कळलं. त्याचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही उठावंच लागलं.

वर बाईंनी पेटी माझ्यापुढे सरकवून ठेवली होती. मी म्हणाले, "आधी थोडे दिवस पाहते, बाई." सवयीने तोंडातून गेलं.

"कोणाले पाहाल? दुसरं कोणी नाही सकाळच्या वेळी."

तेव्हा मला आठवलं की मी बाईंची बोटं जेवढी पाहिली होती, तेवढ्याच मैत्रिणीच्या चुका पाहिल्या होत्या. ती पुढे बसून धडाधड चुकायची, सगळ्यांसमोर, हसत, आणि मी मागे बसून त्या सगळ्या चुका गाळून घ्यायचे. माझं बिनचूक शिकणं तिच्या जिवावर चाललं होतं. तिने तो हिशेब कधी मांडला नाही, कारण तिला तो दिसलाच नव्हता.

मी भाता उघडला. टेबलावर इतकी वर्षं बरोबर फिरणारी बोटं पट्ट्यांवर भलतीकडेच पडली. भाता मधेच रिकामा झाला, सूर केविलवाणा होऊन थांबला. बाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा चुकलं. खिडकीखाली पोती उतरवणारे ते दोघं असणार, त्यांनाही ऐकू जात असणार. मी बाजूला पाहिलं, सतरंजी रिकामी होती. एवढं चुकलेलं मी उभ्या आयुष्यात कुणाला ऐकू दिलं नव्हतं. बाई 'पुन्हा' म्हणायच्या आतच मी भाता परत उघडला.